टणकीचा डावा हात

१२ जानेवारी

भिंगरे,

अनेक आशीर्वाद. हे पत्र हातात पडल्याबरोबर उत्तर लिही, ‘वेळच मिळाला नाही’ हे तुणतुणं नको. मागे तुझा फोन आला तेव्हा शेजारच्या शिक्षिकाबाईंनी तो माझ्या कानाला लावून धरला, पण मला नुसती घरघर ऐकू आली. इस्पितळात प्लास्टर कापायच्या करवतीशी इतकी वर्षं संसार केला, त्याची ही बक्षिशी. आणि ऐकू आलं असतं तरी तू ‘मी मस्त आहे मामा’ एवढंच म्हणाली असतीस. फोनवर तू बेमालूम खोटं बोलतेस. कागदावर तुला ते अजून जमत नाही, म्हणून पत्रच लिहीत जा.

शनिवारी टीव्हीवर ‘सहा बिनकामाचे’ पाहिलं. बोलणं खाली अक्षरांत येतं, त्यामुळे मी आता त्यातला जाणकार झालोय. शिक्षिकाबाई मध्येच येऊन बसतात आणि कानाशी ओरडून ‘हा कोण, तो कोण’ सुरू करतात. मग मी सांगतो. ह्याला शिंक आली की तो दिसेनासा होतो, पण शिंक काही त्याच्या हातात नाही. हा म्हातारा जगातली सगळी घड्याळं थांबवतो, वेळ मात्र थांबत नाही. ह्या बाईला समोरचा काय बोलणार ते क्षणभर आधी कळतं, म्हणून तिचं कुणाशी धड पटत नाही. असे सगळे नग बिनकामाचे म्हणून हाकलून दिलेले, आणि जग बुडायला आलं की नेमके हेच शिल्लक असतात. आणि ही टणकी. हिला उडता येत नाही, पण कितीही उंचावरून पडली तरी हिला काही होत नाही. पडते, अंग झटकते आणि म्हणते, ‘झालं? चला पुढे.’ बाई म्हणाल्या, ‘किती गोड मुलगी आहे हो!’ मी म्हटलं, ‘ती उठणारी. पडणारी माझी भाची आहे.’ त्यांना आधी पटेचना. मग केस तोंडावर आलेली, पिवळ्या जाकिटातली तू दिसलीस तेव्हा मी बोटाने दाखवलं.

आता एक सांग. गेले काही भाग टणकी पडताना डावा हात पोटाशी घेते. आधी घेत नव्हती. तू दोन्ही हात पसरून पडायचीस, जमिनीला थप्पड मारत. हाताला काय झालंय?

इकडे ठीक. गुडघे कुरकुरतात, पण त्यांचं ऐकायला मला कान आहेत कुठे?

तुझा मामा


२३ जानेवारी

प्रिय मामा,

चोराच्या मनात चांदणं आणि प्लास्टरवाल्याच्या मनात फ्रॅक्चर! अरे, हाताला काहीही झालेलं नाही. एकदा पडताना तो चुकून पोटाशी गेला आणि लेखकमंडळी जाम खूश झाली. त्यांनी लगेच गोष्टसुद्धा रचली. म्हणे टणकी लहानपणी पहिल्यांदा छपरावरून पडली तेव्हा तिच्या हातात चिमणीचं पिल्लू होतं. ते चेंगरू नये म्हणून तिने हात पोटाशी धरला, तीच सवय लागली. आता पोस्टरवरही तसाच हात आहे. शाळेतली पोरं पोट धरून बाकावरून उड्या मारतात. हिरोईनबाईंनाही आता हात पोटाशी ठेवूनच उठावं लागतं. त्यांना वैताग आलाय. आमच्याकडे असंच असतं. पडणारीने एकदा जे केलं ते उठणारीला करावं लागतं, आणि पुढच्या भागात पुन्हा तस्संच लागतं. जोड जुळली नाही की बघणारे लगेच बोंब मारतात.

एक नवी मुलगी आली आहे माझ्या हाताखाली. शेवग्याच्या शेंगेसारखी लांब आणि बारीक, म्हणून सगळे तिला शेंगच म्हणतात. रिकामी खोकी रचायची, त्यावर गाद्या टाकायच्या, पडून झालं की चेपलेली खोकी बदलायची, सगळं हसत करते. माझी पावलं मोजते, मी श्वास कुठे सोडते ते बघते. मी पाणी प्यायले तरी ही बघते. तिच्या मागेपुढे फारसं कुणी नाही, एक भाऊ आहे दूर कुठेतरी. मला ‘ताई’ म्हणते. मला आवडतं ते.

आणि मोठी बातमी. हा सीझन संपला की आमची पडणी बसवणारे मास्तर निवृत्त होणार. त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की त्यांची जागा मला द्यायची असं त्यांनी निर्मात्यांच्या कानावर घातलंय. मग मी पडणार नाही मामा, दुसऱ्यांना नीट पडायला शिकवीन. आमच्याकडे आजवर बाई मास्तर झालेली नाही. तू म्हणायचास ना, ‘पडून पडून कुठे पोचणार?’ बघ, पोचले.

तुझी भिंगरी


२ फेब्रुवारी

भिंगरे,

मास्तरची बातमी वाचून आनंद झाला. शिक्षिकाबाईंनाही वाचून दाखवली. त्या म्हणाल्या, मुलीने नाव काढलं.

आता चिमणीच्या पिल्लाकडे येऊ. शनिवारी मी खुर्ची टीव्हीला चिकटवून बसलो. पिल्लू धरलेला हात घट्ट असतो बाई, मूठ वळलेली असते. तुझी बोटं लोंबत होती. तू हात पोटाशी घेत नाहीस, उजव्या हाताने तो तिथे नेऊन ठेवतेस. अशी माणसं आमच्या दारातून आत येताना मी रोज बघत होतो. त्यांना वाटायचं हात मोडलाय, आणि डॉक्टर त्यांना मानेचा फोटो काढायला पाठवायचे.

मी डॉक्टर नाही. माझं चुकतही असेल, चुकलं तर मी चावडीवर उभा राहून कान पकडीन. पण तू आईविना माझ्या घरी आलीस तेव्हा चार वर्षांची होतीस, आणि पहिल्याच दिवशी माळ्यावरून उडी मारली होतीस. तेव्हा रडली नाहीस, दुसऱ्या दिवशी घोटा सुजला तेव्हा मला कळलं. तुझ्या दुखण्याची बातमी मला नेहमी दुसऱ्या दिवशीच मिळत आलीय.

खरं काय ते लिही. नाहीतर मी येतो.

मामा


१९ फेब्रुवारी

मामा,

येऊ नकोस. लिहिते.

डाव्या हाताची बोटं बधिर आहेत. सकाळी कप सुटतो. मान वळवली की खांद्यातून वीज जाते. डॉक्टरांना दाखवलं, दुसऱ्या नावाने दाखवलं, सेटवर कुणाला कळू नये म्हणून. मानेच्या मणक्यांमधली गादी सरकून आत दाबते आहे. ते म्हणाले, अजून एकदा मान वाईट आपटली तर मानेखालचं काहीच तुमचं राहणार नाही. असंच म्हणाले, चष्मा पुसत.

म्हणून तो हात पोटाशी. तो कामाचा उरलेला नाही. तो मोकळा सोडला तर नुसता फडफडतो आणि मानेला ओढ बसते. मग मी एक युक्ती बसवली. उजव्या खांद्यावर जायचं, हनुवटी छातीत रुतवायची आणि उजव्या हाताने एकट्याने थप्पड मारायची. ती बसवायला मला महिने लागले. ती आता इतकी बेमालूम झालीय की मास्तरांनाही कळलेलं नाही.

सीझन संपायला चारच पडणी उरलीत. त्यानंतर मी मास्तर. पण आत्ता हे फुटलं तर मी ‘मोडकी’ ठरेन, आणि मोडक्या माणसाला आमच्यात कुणी खोकी रचायलाही ठेवत नाही. मग मी काय करू? मला पडण्याशिवाय दुसरं काय येतं?

तुझ्या पाया पडते, हे कुणाला सांगू नकोस. शेंगेलाही माहीत नाही. पुढच्या मंगळवार-बुधवारी आम्ही डोंगराकडे शूटिंगला जातोय, तिथे फक्त पळायचं आहे, पडायचं नाही, म्हणून मास्तर आणि शेंग इकडेच राहणार. काळजी करू नकोस.

भिंगरी


४ मार्च

भिंगरे,

पत्र मिळालं. वाचून झोप उडाली, पण तू म्हणतेस तर तोंडाला कुलूप.

परवा दाताच्या कामासाठी बाहेरगावी जाऊन आलो. प्रवासाने अंग आंबलंय. तू कोमट पाण्याने मान शेकत जा, पण जास्त नाही. उशी पातळ घे.

मामा


१७ मार्च

मामा,

दाताचं काम कसं झालं? नीट चावता येतंय ना आता?

मास्तरांनी मला आज सगळं सांगितलं. तू कसा स्टुडिओच्या फाटकावर बसून होतास, त्यांनी तुला आत नेऊन चहा दिला, तू त्यांच्या टेबलावर दोन्ही हात टेकून म्हणालास, ‘पोरीची मान गेलीय, तिला पडू देऊ नका.’ मी डोंगरावर आहे हे तुला माहीत होतं, कारण मीच मूर्खासारखं लिहिलं होतं. तू तो दिवस निवडून आलास.

मास्तर रागावले नाहीत. रडले. मग जे करायचं ते केलं. माझं नाव काढलं. त्यांच्या जागेचा विषय आता निघणारच नाही, ‘जिला स्वतःची मान सांभाळता आली नाही ती दुसऱ्यांच्या काय सांभाळणार,’ असं वरून कुणीतरी म्हणालं म्हणे. उरलेली पडणी शेंग करणार. पिवळं जाकीट तिच्या मापाने उसवून शिवायला टाकलं. मी तिथेच उभी होते.

तू केसाने गळा कापलास मामा. बाहेरच्या कुणी केलं असतं तर मी त्याला दोन शिव्या घालून मोकळी झाले असते. तुला काय करू?

मला पत्र पाठवू नकोस.

भिंगरी


२९ मार्च

भिंगरे,

पाठवू नकोस म्हणालीस तरी पाठवतोय. वाचलं नाहीस तरी चालेल.

हो, मी आलो होतो. खोटं लिहिलं, तुझा विश्वास मोडला. पुन्हा तीच वेळ आली तर पुन्हा येईन. तुझा राग मला सोसेल. तू खाटेवर पडून छताकडे बघत राहशील ते मला सोसणार नाही. मी अशी माणसं पाहिलीत. घरचे पहिल्या महिन्यात रांगेने येतात, वर्षाने एकच कुणीतरी येतं, तेही घड्याळाकडे बघत बसतं. तू जन्मभर माझं तोंड बघू नकोस, पण स्वतःच्या पायाने माझ्यापासून लांब जा.

तुझी ती शेंग मला भेटली. मास्तरांकडून निघालो तेव्हा मला रस्ता ऐकू येईना, गाड्या अंगावर येत होत्या. ती धावत आली, माझा दंड धरला आणि थेट बसपर्यंत पोचवलं. मला ऐकू येत नाही म्हणून हातवारे करून बोलत होती. तुझी नक्कल करून दाखवली, तू कशी ओरडतेस ती. बसची खिडकी उघडत नव्हती, तर बाहेरून धक्का देऊन उघडून दिली. चांगली पोर आहे. ज्या कामासाठी आलो होतो ते झालं, म्हणून मी हलका झालो होतो, आणि बस वळेपर्यंत मी तिला हात करत होतो.

राग उतरला की लिही.

मामा


११ मे

भिंगरे,

दीड महिना झाला, तुझी ओळ नाही. मीही गप्प राहिलो. पण आज राहवत नाही, कारण शनिवारचा भाग पाहिला.

शेंग काय पडली गं! सिमेंटच्या जिन्यावरून पाठमोरी, हात थेट पोटाशी, अगदी तुझ्यासारखा. मला आधी वाटलं तूच आहेस. मग पायांची लांबी बघून ओळखलं. पडली, क्षणभर निपचित राहिली, आणि मग टणकी उठली आणि ‘झालं? चला पुढे’ म्हणाली. मी टाळ्या वाजवल्या. शिक्षिकाबाईंनीही वाजवल्या. त्या म्हणाल्या, ‘तुमच्या भाचीने हिला छान तयार केलंय.’

तिला माझा निरोप दे, बसवाल्या म्हाताऱ्याला फार आवडलं म्हणावं. तू मास्तर झाली नाहीस तरी तुझं शिकवणं वाया गेलेलं नाही. आता तरी राग सोड. माणसाने किती ताणायचं?

मामा


१७ मे

मामा,

तू टाळ्या वाजवल्यास ते शेंगेचं शेवटचं पडणं होतं. ती क्षणभर निपचित राहिली नव्हती. ती अजून तशीच आहे.

एप्रिलमध्येच झालं हे. मी कळवलं नाही, कळवायला हात होईना. आता तुझा निरोप आला तेव्हा लिहायलाच हवं.

जिना फार उंच नव्हता. दोन हात मोकळे असते तर तिला खरचटलंही नसतं, इतकं साधं पडणं. पण टणकीचा हात पोटाशी हवा. तिने माझी सगळी पडणी लावून लावून पाहिली होती, आरशासमोर उभी राहून डावा हात नेमका कुठे टेकतो ते बसवलं होतं. हात तिथे का आहे हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. पोटाशी घेतलेला हात सगळ्यांना दिसतो. हनुवटी कशी रुतवायची, खांदा आधी कसा द्यायचा, हे केसांखाली आणि जाकिटाखाली असतं, ते कुणाला दिसत नाही. तिने दिसलं तेवढं घेतलं. डावीकडून आधार नव्हता, मान पायरीच्या कडेवर आपटली.

आदल्या दिवशी ती माझ्या खोलीवर आली होती. दारातच उभी राहिली. म्हणाली, ‘ताई, हात पोटाशी घेतला की डोकं कसं वाचवायचं? मला जमत नाहीये.’ मी तिच्याशी बोलत नव्हते मामा. तुझ्यावरचा सगळा राग मी तिच्यावर काढत होते. मी म्हटलं, ‘जागा मिळाली ना तुला? आता तुझं तू बघ.’ आणि दार लावलं.

कॅमेरा चालू होता. शॉट वाया गेला नाही. दोन दिवसांनी त्याच जिन्यावर हिरोईनबाई पोट धरून उठल्या. त्या खरंच रडत होत्या, म्हणून त्यांना तीनदा उठावं लागलं. त्यांना दोष देत नाही.

शनिवारी वॉर्डात कुणीतरी टीव्ही लावला. मी बंद करायला उठले तर शेंग म्हणाली, ‘राहू दे.’ तिने सगळं पाहिलं. मग मला विचारलं, ‘ताई, हात बरोबर आला ना?’

मी हो म्हटलं.

भिंगरी


२६ मे

भिंगरे,

पत्र वाचून मी दिवसभर उठलो नाही. शिक्षिकाबाई दोनदा दार वाजवून गेल्या असाव्यात, मला ऐकू येत नाही हे त्या विसरतात.

जन्मभर मोडलेली माणसं उचलली आणि समोर एक पोर मोडली तर मला टाळ्या सुचल्या.

आता जे लिहितो ते वाचून तू मला माणसातून उठवशील. तुझं पत्र वाचताना माझ्या मनात पहिलं काय आलं? बरं झालं, ती तू नव्हतीस. ह्याच शब्दांत आलं. मी ते दाबलं, पुन्हा वर आलं. अजूनही आहे. ती माझा दंड धरून चालली होती, तिने खिडकी उघडून दिली होती, आणि मी तिच्या जिवाच्या बदल्यात तुझा जीव घेऊन घरी आलो आणि त्या रात्री गाढ झोपलो. मला कुठे माहीत होतं, असं म्हणायची सोय आहे. पण पडणं कुणीतरी करणारच होतं, एवढं तरी मला माहीत असायला हवं होतं. मी विचारलंच नाही, मग कोण पडणार म्हणून.

दार लावल्याचं तू लिहिलंस. ते तुझं एकटीचं नाही. ते दार लावायला तुला मी लावलं.

तिला पाणी पाजताना डोकं फार उचलू नकोस. टाचा गादीवर टेकू देऊ नकोस, पोटऱ्यांखाली घडी ठेव. दुसरं मला काय सांगता येणार?

मामा


९ जून

मामा,

टाचांचं सांगितलंस ते बरं झालं. एक लाल व्हायला लागली होती.

रोज इथेच असते. वॉर्डात एवढ्या खाटा आणि एकच आया, तीही दमलेली. शेंगेचा भाऊ आला होता. पायाशी उभा राहिला, पंख्याकडे बघितलं, म्हणाला, ‘काही लागलं तर कळवा,’ आणि गेला. ती बोलते नीट. मला हसवतेसुद्धा. काल म्हणाली, ‘ताई, मी खरी बिनकामाची झाले, मला मालिकेत घ्या.’ डॉक्टर तिच्यासमोर काही बोलत नाहीत. बाहेर बोलावून बोलतात, आणि त्यात आशा धरावी असं काही नसतं.

काल मास्तर आले होते. सीझनचं शेवटचं पडणं राहिलंय, सगळ्यांत मोठं. घड्याळवाल्या म्हाताऱ्याला वाचवायला टणकी मनोऱ्यावरून उडी घेते आणि तिथे गोष्ट संपते. मी त्यांना म्हटलं, निदान तो हात तरी सोडा, दोन्ही हात मोकळे ठेवून पडू द्या. ते म्हणाले, मी वर भांडलो, पाय धरायचे बाकी ठेवले. वरचे म्हणतात पोस्टरवर हात पोटाशी आहे, लोक त्या हातासाठी बघतात. मग मी विचारलं, कोण पडतंय? ते आधी जायला उठले. मग म्हणाले, एक तयार झालीय, अठराची आहे, आजवर पाण्यात उड्या मारल्यात फक्त.

मी तिला जाऊन पाहिलं. आरशासमोर उभी होती. डावा हात पोटावर कुठे ठेवायचा ते बघत होती.

तिला शिकवायचं म्हटलं तर महिने लागतील. त्यांच्याकडे जेमतेम दीड आठवडा आहे. तो हात पोटाशी घेऊन जिवंत पडता येणारी सध्या मी एकटीच आहे. जे होईल त्याला मी जबाबदार असं मी लिहून दिलंय. मास्तर नको नको म्हणत होते, पण कागद त्यांनी घेतला. २१ जूनला, सोमवारी आहे.

ह्या वेळी दाताचं काम काढू नकोस मामा. तू येऊन पुन्हा टेबलावर हात टेकलेस तर ते पुन्हा ऐकतील, आणि मग ती पोरगी पडेल. मला मास्तर व्हायचं नाही. मला काहीच व्हायचं नाही. मला फक्त शेंगेसारखं माझ्या दारात उभं राहून पुन्हा कुणी विचारायला नको आहे.

मी शूटिंगला असेन तेव्हा शेंगेची कूस कोण बदलणार एवढंच ठरायचं राहिलंय.

भिंगरी


१३ जून

भिंगरे,

नको म्हणायचा हक्क मी मार्चमध्येच संपवला. तेव्हा नको म्हणत नाही. आतून ओरडतोय, पण ते तुला ऐकवत नाही.

शुक्रवारी सकाळच्या बसने निघतोय, म्हणजे हे पत्र माझ्याआधी पोचेल. फाटकाकडे येणार नाही, मास्तरांना भेटणार नाही, थेट वॉर्डात येईन. शेंगेला आधी सांगून ठेव की बसवाला म्हातारा येतोय, आणि त्याला ऐकू येत नाही. तिला हात हलवता येत नाहीत, तर ओठ सावकाश हलवायला सांग, मी शिकेन. तिला माझ्याकडून काय झालं ते मी स्वतः सांगेन. ती तोंड फिरवेल तर फिरवू दे. तरी दर दोन तासांनी तिला कुशीवर मीच वळवीन. चादर खालून ओढून घेतली की मला अजून जमतं.

सोमवारी तू कामाला जा. जाताना मला सांगू नकोस, नुसती जा. मी टीव्ही बघणार नाही, त्या मालिकेचं नावही काढणार नाही.

आणि एक. आयाबाईंशी आत्ताच बोलून ठेव, म्हणजे नंतर धावपळ नको. शेंगेच्या शेजारची खाट रिकामी झाली तर कुणाला देऊ नका म्हणावं. एकाच खोलीत असल्यात तर दोघींचं माझ्याने होईल.

तुझा मामा